अंगठ्याखालचा नकाशा

पावसाळ्यात साताऱ्याहून कासला मोटारसायकलने निघालेल्याला मोबाइलच्या पडद्याची एक खोड लवकरच कळते. बोट आणि पावसाचा थेंब यांतला फरक पडद्याला नीट समजत नाही. काचेखाली पारदर्शक विद्युतवाहकांची बारीक जाळी असते. बोट टेकले की तिथला विद्युतभार किंचित बदलतो आणि फोन त्याला स्पर्श समजतो. पाणीही विजेचे वाहक असल्याने साचलेला थेंब असाच चकवा देतो, आणि नकाशा आपोआप सरकू लागतो. कोरडा, जाड चामडी हातमोजा मात्र भार बदलू देत नाही. म्हणजे पाऊस नकाशा हलवणार आणि गाडीचा मालक नुसताच काच घासत बसणार!

त्यात समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट चढताना डावा हात क्लचवर, उजवा ॲक्सिलरेटर आणि ब्रेकवर. ताशी 40 किलोमीटरने गाडी सेकंदाला 11 मीटर पुढे जाते. दोन सेकंद फोनकडे हात नेला, तर 22 मीटर रस्ता एका हातावर गेला. हँडलच्या डाव्या मुठीशेजारी, अंगठा पोहोचेल तिथे बसवायचा चार-पाच बटणांचा ब्लूटूथ रिमोट या अडचणीवरचा उपाय आहे. तो बसवणे सोपे. कोणत्या बटणाने काय व्हावे, हे ठरवताना खरी गंमत येते.

असे बहुतेक रिमोट फोनला आपली ओळख ‘कीबोर्ड’ अशीच करून देतात. ‘झूम’ किंवा ‘नकाशा’ हे शब्द रिमोटला ठाऊकच नसतात. तो पाठवतो फक्त आकडे. 1990च्या दशकात यूएसबीबरोबर कीबोर्ड-माउससाठी एक सामाईक तक्ता ठरला, तोच पुढे ब्लूटूथने उचलला. त्या तक्त्यात उजवा बाण 79, डावा 80, खालचा 81, वरचा 82, एंटर 40, आकड्यांच्या कळफलकावरची अधिकची खूण 87 आणि वजाची 86. बटण दाबले की आकडा जातो, बोट उचलले की ‘आता काही दाबलेले नाही’ असा निरोप जातो. या दोहोंमधल्या वेळावरून झटकन दाबले की दाबून धरले, ते ठरते. आपला रिमोट काय बोलतो हे ऐकायचे असेल, तर तो फोनला जोडा, कोरी नोट उघडा आणि एकेक बटण दाबून बघा. कुठे अधिकची खूण उमटेल, कुठे कर्सर सरकेल, कुठे आवाज वाढेल.

दाबण्यातही एक मेख आहे. बटणातले धातूचे पाते टेकताना काही मिलिसेकंद थरथरते, आणि चिपला तेवढ्यात पाच-सहा वेळा दाबल्यासारखे वाटू शकते. म्हणून आतला प्रोग्रॅम थोडा थांबून खात्री करतो, मगच आकडा पाठवतो. ही काळजी न घेतलेल्या रिमोटवर एकदा झूम दाबले की नकाशा थेट गल्लीत शिरतो.

आकड्याला अर्थ देते ते ॲप. ओएसएमअँड, लोकस मॅप यांसारखी नकाशाची ॲप बाहेरच्या बटणांना कामे नेमून देण्याची सोय देतात. गूगल मॅप्समध्ये अशी सोय नाही. तिथे अँड्रॉइडवर ‘की मॅपर’सारखे मधले ॲप लागते. ते ठरावीक आकडा आला की पडद्यावर ठरावीक जागी आपल्या वतीने टिचकी मारते. मला हा जुगाड फारसा पसंत नाही. ॲप नवे झाले, पडद्यावरचे चिन्ह जरा सरकले, की टिचकी भलतीकडे पडते. शिवाय अशा मधल्या ॲपला आपण पडद्यावर हात चालवण्याचीच परवानगी देत असतो.

आणखी एक फटका चहाच्या टपरीवर बसतो. कीबोर्ड जोडला आहे असे समजून फोन पडद्यावरचा कीबोर्ड लपवतो आणि पुढचा पत्ता टाइप करता येत नाही. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये, बाहेरचा कीबोर्ड असतानाही पडद्यावरचा दिसू दे, असा पर्याय असतो. तो निघण्यापूर्वीच चालू करावा.

आता कामांची वाटणी. वरचे बटण जवळून दाखवायला, खालचे लांबून. मधले मात्र ‘मी कुठे आहे’ यासाठीच राखून ठेवावे. कास ओलांडून बामणोलीकडे उतरताना कोयनेचे पाणी समोर येते आणि पुढची वाट कुठे जाते ते पाहायला नकाशा सरकवावासा वाटतो. तसा तो सरकवला की आपली खूण पडद्याबाहेर जाते, आणि परत आणायला एकच दाब पुरायला हवा. त्या भागात मोबाइलची रेंज दगा देते, पण जीपीएस उपग्रहांवर चालते. नकाशा आधी उतरवून घेतला असेल, तर खूण बरोबर सापडते.

सांगलीकडे गरज वेगळी. गळिताच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा, स्पीकर लावलेला उसाचा ट्रॅक्टर पुढे असला की हेल्मेटमधली सूचना कोण ऐकणार? चौथे बटण आवाजाला द्यावे ते यासाठी. या बटणाचा आकडा बहुधा फोन स्वतःच समजून घेतो, ॲपला काही सांगावे लागत नाही.

बटणे इथेच थांबवावीत, असे माझे मत. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ विल्यम हिक यांनी 1952 मध्ये प्रयोगांतून दाखवले, की पर्याय वाढतील तसा निवडीला लागणारा वेळही वाढतो. त्याहून घातक म्हणजे एकाच बटणाला दोन जन्म देणे: एका ‘मोड’मध्ये झूम, दुसऱ्यात गाणे. घाटात आपण कोणत्या मोडमध्ये आहोत हे आठवत बसावे लागते. याउलट उदाहरण साताऱ्याचेच. 1975 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या साताऱ्यातल्या कारखान्यात ‘प्रिया’ स्कूटर तयार होत असे. तिच्या डाव्या मुठीत क्लच आणि गिअर दोन्ही होते, तरी पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी ती न बघता चालवली, कारण मुठीचा अर्थ कधी बदलला नाही.

2020 च्या ऑक्टोबरपासून केंद्रीय मोटार वाहन नियम, चालकाचे लक्ष विचलित न होता केवळ रस्ता पाहण्यासाठी फोन वापरू देतात. म्हणून बटणांची मांडणी घरी, गाडी स्टँडवर असताना पक्की करा आणि डोळे मिटून दाबून बघा. पत्ता मात्र कोणत्याही रिमोटवरून धड टाकता येत नाही. त्यासाठी गाडी बाजूलाच घ्यावी लागते.