कूलगार्डी–कालगूर्ली सुवर्णक्षेत्र
ऑस्ट्रेलियाच्या वेस्टर्न ऑस्ट्रेलिया राज्यातील सोन्याच्या खाणींचा व ऐतिहासिक खाणनगरांचा प्रसिद्ध प्रदेश. पर्थच्या पूर्वेस सु. ५५० ते ६०० किमी. अंतरावरील कूलगार्डी व कालगूर्ली ही याची प्रमुख केंद्रे असून उत्तरेकडे लिओनोरा–ग्वालियापर्यंत अनेक चालू, बंद व उजाड खाणगावे विखुरलेली आहेत. प्रदेश सपाट व शुष्क असून कालगूर्ली येथे वार्षिक पर्जन्यमान सु. २६ सेंमी. आहे. बारमाही नदी एकही नाही; सरोवरे आहेत ती खारी व बहुतेक काळ कोरडी असतात. या निर्जल भूमीत अल्पावधीत उभी राहिलेली नगरे, त्यांना पाणी पुरविणारी योजना व त्या नगरांचे अवशेष यांमुळे हे क्षेत्र अभ्यासकांप्रमाणेच पर्यटकांचेही आकर्षण ठरले आहे.

इतिहास : हा वांगकाथा व त्यांच्याशी संबंधित आदिवासी गटांचा मूळ प्रदेश. कालगूर्ली हे नाव तेथील एका झुडुपाच्या ‘कार्लकुर्ला’ या आदिवासी नावावरून आले, असे मानतात. न्यू साउथ वेल्स व व्हिक्टोरिया येथे १८५१ मध्ये सुवर्णशोधाची लाट उसळली, त्यानंतर चार दशकांनी ती येथे पोहोचली. सप्टेंबर १८९२ मध्ये आर्थर बेली याने सु. १७ किग्रॅ. सोने सदर्न क्रॉस येथे नेऊन आपला व विल्यम फोर्ड या साथीदाराचा हक्क नोंदविला. हे सोने ज्या ठिकाणी सापडले, तेथेच कूलगार्डी वसले. जून १८९३ मध्ये पॅडी हॅनन, टॉम फ्लॅनगन व डॅन शी या तिघा आयरिश शोधकांना पूर्वेकडे सु. ४० किमी.वर सोने आढळले व कालगूर्लीचा पाया घातला गेला. त्याच वर्षी व्हिक्टोरियातील बँका कोसळल्याने बेकार झालेले हजारो लोक इकडे लोटले. १८९६ मध्ये लोहमार्ग दोन्ही नगरांत आला. १८९८ च्या सुमारास कूलगार्डीची लोकसंख्या १५,००० पर्यंत पोहोचली आणि १८९९ मध्ये तेथे आंतरराष्ट्रीय खाण व औद्योगिक प्रदर्शन भरले.

लोहमार्ग येण्यापूर्वी अन्नधान्य, यंत्रे व पाणी यांची वाहतूक मुख्यत्वे उंटांवर होई. उंटवाल्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हणत. तथापि त्यांतील अनेकजण तत्कालीन ब्रिटिश हिंदुस्थानातील बलुचिस्तान, सिंध व पंजाब या भागांतील होते. कूलगार्डीत त्यांची मशीद होती. १८९६ मध्ये तेथेच ताज महंमद या उंटव्यापाऱ्याचा नमाजाच्या वेळी खून झाला.

पाणीप्रश्न : आदिवासी लोक खडकांतील नैसर्गिक कुंडांत साठणाऱ्या पावसाच्या पाण्यावर शतकानुशतके राहत आले होते. सोने शोधणाऱ्यांनी व त्यांच्या जनावरांनी ही कुंडे उपसून कोरडी केल्यामुळे मूळ रहिवाशांचे जगणे कठीण झाले. नगरांची तहान मुख्यतः खाऱ्या पाण्याच्या ऊर्ध्वपातनाने भागविली जाई. त्यासाठी लाकूड सतत जाळावे लागे व पाणी महाग पडे. दूषित पाणी व अस्वच्छता यांमुळे विषमज्वराच्या साथी पसरल्या. कूलगार्डीच्या जुन्या दफनभूमीतील थडग्यांतून त्यांची तीव्रता दिसून येते. ओल्या गोणपाटातील पाण्याच्या बाष्पीभवनाने अन्न थंड ठेवणारे ‘कूलगार्डी सेफ’ हे कपाट याच काळातील होय. त्याचे तत्त्व वाळ्याच्या ओल्या पडद्यासारखेच आहे.

वसाहतीचे पंतप्रधान जॉन फॉरेस्ट यांच्या पाठिंब्याने मुख्य अभियंते सी. वाय. ओकॉनर यांनी पर्थजवळील हेलेना नदीवर मंडेअरिंग येथे धरण बांधून पाणी नळाने सुवर्णक्षेत्रात नेण्याची योजना आखली. सु. ५३० किमी. लांबीचा व ७६ सेंमी. व्यासाचा पोलादी नळ आणि वाफेवर चालणारी आठ पंपकेंद्रे यांच्या साहाय्याने रोज सु. सव्वादोन कोटी लिटर पाणी चढावर नेण्याचे हे काम त्या काळी अपूर्व होते. वृत्तपत्रांनी व विरोधकांनी कठोर टीका केली. मार्च १९०२ मध्ये, काम पूर्णतेच्या मार्गावर असताना, ओकॉनर यांनी आत्महत्या केली. २४ जानेवारी १९०३ रोजी योजनेचे उद्‌घाटन झाले व पाणी कालगूर्लीस पोहोचले. ही योजना आजही कार्यरत असून २०११ मध्ये तिचा समावेश ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वारसा यादीत झाला.

अवशेष व प्रेक्षणीय स्थळे : जेथे सोने लवकर संपले तेथे अवशेष टिकले आणि जेथे ते विपुल निघाले तेथे खाणकामानेच ते नष्ट केले, असा विरोधाभास या क्षेत्रात आढळतो. कूलगार्डीतील वरच्या थरांतील सोने संपताच वस्ती ओसरली. आज ती हजाराहून कमी आहे. तिच्या मानाने अतिशय रुंद भासणारे रस्ते व १८९८ मधील दगडी न्यायालयाची भव्य इमारत पूर्ववैभवाची साक्ष देतात. अर्नेस्ट जाइल्स या समन्वेषकाची समाधी येथील दफनभूमीत आहे.

कालगूर्लीलगतच्या बोल्डरजवळील ‘गोल्डन माइल’ या पट्ट्यात सोने खोलवर आणि अंशतः टेल्यूरियमच्या संयुगांत आढळते. म्हणून तेथे मोठ्या भांडवली कंपन्या आल्या व नगर टिकले. मात्र १९८९ पासून तेथील जुन्या खाणी एकत्र करून केलेल्या उघड्या खाणीत (सु. ३·५ किमी. लांब, १·५ किमी. रुंद व ६०० मी.हून अधिक खोल) जुने बोगदे व इमारती गडप झाल्या. नगरातील जुनी उपाहारगृहे, नगरभवन (१९०८) व सुवर्णक्षेत्र संग्रहालय ही मात्र पाहण्यासारखी आहेत. सोने शोधणाऱ्या हॅननच्या १९२९ मधील पुतळ्याच्या हाती पाण्याची पिशवी दाखविली आहे, हे अर्थपूर्ण होय.

कालगूर्लीच्या ईशान्येस सु. २० किमी.वरील कनौना येथे एके काळी हजारोंची वस्ती होती. आता दफनभूमी, रेल्वे फलाट व जागा दर्शविणाऱ्या पाट्या एवढेच उरले आहे. याउलट उत्तरेकडील ग्वालिया येथील खाण डिसेंबर १९६३ मध्ये अचानक बंद पडली व बहुतेक रहिवासी काही आठवड्यांत निघून गेले. इटालियन व स्लाव्ह कामगारांची पन्हळी पत्र्यांची व गोणपाटाची घरे तशीच राहिली. पुढे स्थानिकांनी त्यांची डागडुजी केली. येथील लाकडी उत्थापक मनोरा व व्यवस्थापकाचा बंगलाही जतन केला आहे. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले हर्बर्ट हूव्हर हे १८९८ मध्ये या खाणीचे व्यवस्थापक होते.

पर्थहून कालगूर्लीस रस्त्याने व रेल्वेने जाता येते. उन्हाळ्यात तापमान ४०° से.पेक्षा अधिक होत असल्याने एप्रिल ते सप्टेंबर हा काळ प्रवासास सोयीचा असतो. दूरच्या स्थळी जाताना पुरेसे पाणी व इंधन बरोबर घ्यावे लागते. पडीक भागांत कुंपण नसलेल्या जुन्या खाणविहिरी धोकादायक आहेत. वरवर क्षुल्लक वाटणारे डबे, बाटल्या व पत्रे हाही या वसाहतींच्या इतिहासाचा पुरावा असल्याने ते हलविणे इष्ट नाही. आदिवासींच्या वारसास्थळांना कायद्याने संरक्षण दिलेले आहे.