चाळीस टक्के

जानेवारी 2025 मध्ये उदगीर शहरात कावळे मरून पडू लागले आणि यंत्रणा कामाला लागली. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले, बर्ड फ्लूचं निदान आलं, परिसरावर निर्बंध लागले. ते व्हायलाच हवं होतं. पण त्याच सुमारास मी दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरिया विद्यापीठाचा 2014 सालचा एक अभ्यास वाचत होतो. वयात न आलेल्या नर जपानी लाव्यांना त्यात डायब्युटाइल थॅलेट पाजलं होतं. हे प्लास्टिक मऊ करण्यासाठी घालायचं रसायन. मोठे झाल्यावर त्या नरांच्या वृषणातल्या शुक्रनलिका आक्रसलेल्या आढळल्या, शुक्राणू घडवणाऱ्या पेशी गळलेल्या होत्या. मेलेल्या कावळ्याचा पंचनामा होतो. या लाव्यासारखा पक्षी आपल्याकडे असला, तर त्याची नोंद कोण घेणार?

म्हणून उदगीरकडच्या एका कुक्कुटपालन केंद्रावर गेलो. तिथे प्रजननासाठी ठेवलेल्या कोंबड्यांचं वीर्य काढून तपासतात. काम मामांचं. निवृत्तीला आलेला माणूस, पांढरी टोपी, हाताची बोटं जाड. पण कोंबड्याला हात लावला की त्याच बोटांना कसली तरी नजाकत येते.

मामा आधी तुरा बघतात. "तुरा लालभडक, ताठ पायजे. बाकीचं मागनं." हा त्यांचा अडाणी आडाखा नव्हे. 1849 साली जर्मनीतल्या गटिंगेनमध्ये अर्नोल्ड बर्थोल्ड यांनी कोंबड्यांचे वृषण काढले, तर तुरा सुकला, आरवणं बदललं; काहींच्या पोटात वृषण पुन्हा बसवले, तर तुरा टिकला. संप्रेरकांच्या शास्त्राची सुरुवात इथून मानतात. नराचं संप्रेरक किती आहे ते कोंबडा डोक्यावर मिरवत असतो. आतले वृषण मात्र मूत्रपिंडांजवळ, 41 अंशांच्या उबेत, कुणाला न दिसणारे.

खाणं आधीच काही तास बंद ठेवलेलं. मदतनीस पाय धरतो. मामा पाठीवरून शेपटीकडे तळहात फिरवतात, एकदा, दोनदा. पिसं फुलतात, शेपटी वर जाते, आणि त्याच क्षणी अंगठा व तर्जनी दोन्ही बाजूंनी दाबतात. काचेच्या लहानशा पात्रात दुधासारखा थेंब उतरतो. फार तर पाव-अर्धा मिलिलिटर. दाब जरा जास्त झाला की विष्ठा मिसळते आणि सगळं वाया. "ह्याला घाई चालत न्हाई सर. घाई केली की ह्यो घाण करतो." बरोज आणि क्विन या दोघांनी 1930च्या दशकात रूढ केलेली ही पद्धत. मामांना ती त्यांच्या आधीच्या मामांनी शिकवली.

पुढचं काम सूक्ष्मदर्शकाखाली. चांगला थेंब नुसता हलत नाही, त्यात भोवरे उठतात. मग रंग देऊन मेलेले शुक्राणू वेगळे ओळखायचे, मोजायचे, लिहायचे.

तिथल्या डॉक्टर मॅडम मुखेड तालुक्यातल्या. मी थॅलेट्सचं, म्हणजे प्लास्टिक मऊ करणाऱ्या त्या रसायनांचं विचारलं तेव्हा त्यांनी कोपऱ्यातली पाणी मारायची पारदर्शक नळी उचलली आणि वाकवून दाखवली. "ही एवढी मऊ आहे ना, तर हिच्या वजनातलं चाळीस टक्क्यांपर्यंत पीव्हीसी नसतंच. मऊ करणारं तेलच असतं."

चाळीस टक्के! आणि ते प्लास्टिकच्या रेणूंना बांधलेलं नसतं, नुसतं मध्ये शिरून बसलेलं असतं. ऊन, उष्णता, तेलकट पदार्थ यांनी ते सुटतं. उगाच सगळ्या प्लास्टिकला झोडपण्यात अर्थ नाही. पातळ कॅरीबॅग पॉलिथिनची, तिला हे लागत नाही. पाण्याचा कडक पांढरा पाइप पीव्हीसीचाच, पण त्यातही हे जवळपास नसतंच. दोष मऊ नळीचा, वायरच्या आवरणाचा, रेक्झिनचा. नांदेड-लातूरच्या उकिरड्यांवर कावळे ज्यात चोच घालतात, त्यात हेही असतं.

थॅलेट्सची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळांची एक अडचण मला फार बोलकी वाटली. थॅलेट मोजायचं तर सगळी भांडी काचेची लागतात, तीही द्रावकाने विसळलेली. तरी कधीकधी नुसत्या कोऱ्या नमुन्यातही ते सापडतं, कारण हवेत, धुळीत, हातमोज्यांत ते आधीच असतं.

आता दुसरी बाजू. लाव्यांच्या त्या प्रयोगात रसायन शरीराच्या दर किलोमागे दिवसाला शेकडो मिलिग्रॅमपर्यंत पाजलं होतं. नळीतून पाणी पिणाऱ्या कोंबड्याच्या पोटात एवढं जाणं शक्य नाही. मॅडमनी हे दोनदा बजावलं. मला ते पटतं, पण पुरत नाही. कारण कळपात एका नरामागे दहाएक माद्या असतात, आणि कोंबडी मिळालेले शुक्राणू शरीरात दोन-तीन आठवडे साठवून ठेवते. एखादा नर निकामी झाला तरी बाकीचे त्याची कसर भरून काढतात. चार अंडी उजेडावर धरल्यावर रिकामी निघतात, तेव्हा दोष खाद्याला लागतो, उन्हाळ्याला लागतो, इनक्युबेटरला लागतो. मराठवाड्यात दोष द्यायला उन्हाळा कायम हजर असतो.

मामांना विचारलं, नळी किती दिवस टिकते?

"दोन-तीन वर्सं. मग कडक होती, मोडती."

कडक का होते, हे मॅडमनी सांगितलं: मऊ करणारं तेल निघून गेलेलं असतं. म्हणजे त्या चाळीस टक्क्यांतलं बरंचसं. हवेत गेलं, जमिनीत गेलं, थोडं पाण्यातूनही गेलं. मुलांच्या खेळण्यांतल्या थॅलेट्सना भारतीय मानकात मर्यादा घातलेली आहे. कोंबड्यांसाठी नळी घ्यायला गेलं की दुकानदार फक्त विचारतो, अर्धा इंची की पाऊण?

मामा ऐकत होते. मग मॅडमना म्हणाले, "औंदा नवी आणायचीच हाय. मऊच आणा बाई, कडकीनं हात दुखतो." आणि पुढच्या पिंजऱ्यापाशी जाऊन तुरा बघू लागले.