स्कीवरचे आकडे काय सांगतात?

‘१३८-११२-१२८, १८४, आर २१’ असं काहीतरी स्कीच्या शेपटाजवळ बारीक अक्षरांत छापलेलं असतं. नवी स्की घ्यायला गेलेला माणूस आधी रंग पाहतो, मग नक्षी, मग किंमत. पण ती स्की कुठल्या हिमावर साथ देईल आणि कुठे दगा देईल, याचं बरंचसं उत्तर या पाच आकड्यांत असतं. पहिले तीन म्हणजे शेंड्याची, कंबरेची आणि शेपटाची रुंदी, मिलिमीटरमध्ये. नंतर येते सेंटिमीटरमधली लांबी, आणि ‘आर’ म्हणजे वळणाची त्रिज्या, मीटरमध्ये. काश्मीरमधल्या गुलमर्गचा अफरवाट डोंगर नजरेसमोर ठेवून हे आकडे वाचून पाहू. तिथल्या गोंडोलाचा, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या पाळण्यांचा, दुसरा टप्पा सुमारे ३,९५० मीटर उंचीवर पोहोचवतो. वरच्या बहुतेक उतारांवर यंत्राने दाबून तयार केलेली वाट नसते. पश्चिमी झंझावात येऊन गेला की तिथे ताज्या, भुसभुशीत हिमाचा जाड थर साचतो. स्कीइंगच्या भाषेत हीच ‘पावडर’.

रुंदी : रुतायचं की तरंगायचं?

एक घनमीटर पाण्याचं वजन १,००० किलो. तेवढ्याच जागेत मावणारं ताजं हिम बऱ्याचदा ५० ते १०० किलोच भरतं. बाकी सगळी हवा. अशा थरावर नुसते बूट घालून उभं राहिलं तर माणूस मांडीपर्यंत रुततो. ७० किलोचा माणूस आणि १० किलोचं सामान धरलं, तर बुटांखाली दर चौरस सेंटिमीटरला साधारण १६० ग्रॅम भार येतो. कंबरेत ७० मिमी असलेल्या १६५ सेंमीच्या अरुंद स्की घातल्या की तो ढोबळमानाने २९ ग्रॅमवर येतो. वर सांगितलेल्या ११२ मिमीच्या स्कीवर तो १९ ग्रॅमच्या आसपास राहतो. भातखाचराच्या चिखलात पाय रुततो, पण फळी टाकली की तिच्यावरून चालता येतं. तत्त्व तेच.

मात्र क्षेत्रफळाने सगळा हिशेब लागत नाही. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमधले जियानजुन फेंग आणि शेल्डन वाइनबॉम यांनी २००० साली ‘जर्नल ऑफ फ्लुइड मेकॅनिक्स’मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. सूक्ष्म रक्तवाहिनीतून सरकणारी तांबडी पेशी आणि हिमावरून घसरणारी स्की यांना त्यांनी एकाच गणितात बसवलं होतं. दोघींच्याही खाली सच्छिद्र, सहज दबणारा थर असतो. स्की वेगाने पुढे जाते तेव्हा तिच्याखालच्या हिमातल्या हवेला बाजूने निसटायला वेळच मिळत नाही. कोंडलेल्या हवेचा दाब वाढतो आणि भाराचा मोठा वाटा तीच उचलते. स्की जितकी रुंद, तितकी हवेची बाहेर पडायची वाट लांब. पावडरमध्ये वेग घेतल्यावर स्की वर उचलल्यासारखी वाटते, त्यामागे हेही एक कारण आहे. भित्रेपणाने मागे रेलून हळूहळू उतरणारा नवशिका जास्त रुततो, तोही याचमुळे.

बाक : वॉटर-स्कीचा धडा

जमिनीवर ठेवलेली नेहमीची स्की मधोमध किंचित उचललेली दिसते. हा ‘कॅम्बर’. वर उभं राहिलं की ती सपाट होते आणि भार शेंड्या-शेपटापर्यंत वाटला जातो, म्हणून कडक हिमावर तिची पकड पक्की असते. पावडरमध्ये मात्र असा दाबलेला शेंडा हिमात घुसतो. शेन मॅकाँकी या स्कीपटूने याकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. खोल पावडर पाण्याच्या जवळची, तर मग स्कीही पाण्यातलीच का नको? अलास्काच्या डोंगरांवर तो चक्क वॉटर-स्कीला बूट पकडून ठेवणारं बाइंडिंग ठोकून उतरला. त्याच्याच कल्पनेतून २००२च्या सुमारास व्होलांट कंपनीची ‘स्पॅच्युला’ आली. मधोमध १२५ मिमी रुंद, दोन्ही टोकांकडे निमुळती, आणि बाक उलटा : मध्य खाली, टोकं वर. कडक हिमावर ही स्की जवळजवळ निरुपयोगी होती. पण तिच्यातला उलटा बाक, म्हणजेच ‘रॉकर’, पुढे बहुतेक सगळ्या कंपन्यांनी उचलला. आज चांगला मधला मार्ग उपलब्ध आहे : शेंड्याला भरपूर रॉकर, शेपटाला थोडा, आणि पायाखाली कॅम्बर.

त्रिज्या : वळणाचा स्वभाव

कंबर बारीक आणि टोकं रुंद असली की स्की कडेवर कलताच कमानीसारखी वाकते आणि वळण आपोआप कापलं जातं. नॉर्वेतल्या टेलेमार्कच्या सोंद्रे नोरहाइमला एकोणिसाव्या शतकातच या आकाराचं मर्म उमगलं होतं. १९९३मध्ये स्लोव्हेनियाच्या एलान कंपनीने खोल कंबरेची ‘एससीएक्स’ आणली आणि साध्या उतारांवरचं स्कीइंगच बदलून गेलं. तयार वाटेवर १२ ते १७ मीटरची त्रिज्या मजेदार वाटते. मोठ्या डोंगराच्या उघड्या, तीव्र उतारावर मात्र तीच स्की जिवावर बेतू शकते. वेगात असताना हिमाचा पोत जरा बदलला की ती न सांगता वळायला बघते. म्हणून अशा ठिकाणी २० मीटर किंवा त्याहून मोठी त्रिज्या बरी.

फुकट काहीच नाही

मग १२५ मिमीचीच स्की का घेऊ नये? स्कीच्या बुटाचा तळ साधारण ७० मिमी रुंद असतो. ६८ मिमीच्या स्कीची पोलादी कड जवळजवळ त्याच्या काठाखालीच येते. ११२ मिमीच्या स्कीची कड पायाच्या मध्यरेषेपासून ५६ मिमी दूर जाते. कडक हिमावर ती रोवायची तर तेवढ्या अंतराची तरफ घोट्याला आणि गुडघ्याला पेलावी लागते. गुलमर्गमध्ये वादळानंतरचे एक-दोन दिवस सोडले तर खालचे उतार तुडवून घट्ट होतात आणि वरच्या कण्यावर वाऱ्याने पापुद्रा धरलेला असतो. स्वप्नातल्या एका दिवसासाठी घेतलेली स्की उरलेले सगळे दिवस त्रास देते.

वजनाचंही तसंच. लाकडी गाभ्यावर टायटॅनल या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे पत्रे चढवले की स्की जड होते, पण खडबडीत हिमावर थरथरत नाही. कार्बन तंतूंची स्की हलकी असते आणि पायी चढणाऱ्याचा दम वाचवते, मात्र वेगात उडते. गोंडोलाने वर जाणाऱ्याने थोडं वजन स्वीकारावं. स्कीखाली ‘स्किन’ची पट्टी लावून स्वतः चढणाऱ्याने हलकी स्की घ्यावी.

साधारण ७० किलो वजनाच्या, सर्व प्रकारच्या हिमावर सफाईने उतरणाऱ्या माणसाला अफरवाटसाठी माझा कौल असा : कंबर १०५ ते ११२ मिमी, लांबी स्वतःच्या उंचीएवढी किंवा पाच-दहा सेंमी जास्त, त्रिज्या २० मीटरच्या आसपास, शेंड्याला रॉकर, पायाखाली कॅम्बर. वजन कमी असेल तर रुंदी आणि कडकपणा दोन्ही उतरवावेत. पडल्यावर बाइंडिंग किती जोराला सुटावं, तो आकडा मात्र मित्राकडे बघून ठरवू नये. तो वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि कौशल्य पाहून जाणकार तंत्रज्ञाकडूनच लावून घ्यावा.

एक गोष्ट मात्र कुठल्याही स्कीवर छापलेली नसते. हिमस्खलनं प्रामुख्याने ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात, आणि पावडरचा आनंद देणारे उतारही नेमके तेच. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवाटवर दोन पोलिश स्कीपटू हिमस्खलनात दगावले. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत जवळच्या खिलनमर्गला एका रशियन स्कीपटूचा जीव गेला. रुंद स्कीने असे उतार सोपे केले आहेत, सुरक्षित केलेले नाहीत. गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तरच वाचण्याची शक्यता चांगली असते. तेवढ्या वेळात मदत पोहोचवू शकतात ते फक्त सोबतचे लोक, आणि तेही रेडिओ-संकेताने गाडलेल्याचा ठाव घेणारा ४५७ किलोहर्ट्झचा ट्रान्सीव्हर, शोधकाठी आणि फावडं जवळ असेल आणि वापरता येत असेल तरच.

म्हणून पुण्या-मुंबईहून पहिल्यांदा गुलमर्गला जाणाऱ्यांनी स्की विकत घेऊच नये. खालच्या सौम्य उतारांवर भाड्याच्या अरुंद स्कीवर शिकावं, जमल्यास तिथल्या भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्थेचा अभ्यासक्रम करावा. पुढे वरच्या उतारांची ओढ लागलीच, तर पहिला खर्च ट्रान्सीव्हर आणि हिमस्खलनाच्या प्रशिक्षणावर करावा. ११२ मिमीची स्की त्यानंतर.