शेंगदाण्याचं तेल आणि लघवीची घाई

लालबागच्या चिवडा गल्लीत दिवाळीच्या आधी पाऊल ठेवायला जागा नसते. कढईत पोहे पडतात, क्षणात फुलून वर येतात आणि झाऱ्यानं निथळून परातीत जातात. त्यावर तळलेले शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, डाळं, कढीपत्ता आणि शेवटी मीठ-मसाल्याची मूठ. मूत्राशयाचा विचार करायचा तर तेलाच्या आधी या मुठीकडे बघायला हवं.

तेलकट खाल्लं की लघवीला जळजळ होते, अशी समजूत घरोघरी असते. खाल्लेलं तेल मूत्राशयापर्यंत पोचतच नाही. ते लहान आतड्यात पचतं, रक्तात मिसळतं, आणि निरोगी मूत्रपिंडाची चाळणी त्याला लघवीत उतरू देत नाही. मूत्रपिंडं दिवसाला जवळपास 180 लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटरच मूत्राशयाकडे धाडतात. जळजळ होत असेल तर लघवीची तपासणी करून जंतुसंसर्ग आहे का ते बघावं. तेलाचा ब्रँड बदलून ती थांबत नाही.

मिठाचं तसं नाही. जपानमधल्या नागासाकी विद्यापीठाच्या डॉक्टरांनी 2017 मध्ये मांडलेल्या अभ्यासात, रोजचं मीठ 10.7 ग्रॅमवरून 8 ग्रॅमवर आणणाऱ्यांचं रात्री लघवीला उठणं सरासरी 2.3 वेळांवरून 1.4 वर आलं. संध्याकाळी चहाबरोबर वाटीभर फरसाण खाणाऱ्या आजोबांनी हा आकडा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. चहातलं कॅफीनही मूत्राशयाला डिवचतं, ते वेगळंच.

मीठ खाल्लं की तहान लागते, पण पाणी प्यायचं कुणी? गिरगाव-परळच्या जुन्या चाळींत संडास गॅलरीच्या टोकाला, आणि बाजारात स्त्रियांसाठी धड सोयच नाही. म्हणून कितीतरी बायका घराबाहेर पडताना पाणीच पीत नाहीत. लघवी घट्ट होते, तासन्‌तास तुंबवली जाते आणि संसर्गाला वाट मिळते. याच अडचणीवर मुंबईत 2011 मध्ये ‘राइट टू पी’ ही मोहीम उभी राहिली. आहाराचे सल्ले देणाऱ्या लेखांत स्वच्छतागृहाचा उल्लेख क्वचितच येतो, आणि तो यायलाच हवा.

तेलाचा खरा परिणाम दिसतो तो कमरेच्या घेरावर. पोटावरची चरबी मूत्राशयावर आणि त्याला खालून तोलणाऱ्या स्नायूंवर सतत भार टाकते. मग खोकताना, शिंकताना, दादर स्टेशनचा जिना घाईनं चढताना थेंब सुटतात. बायका हे डॉक्टरांनाही सांगत नाहीत. अमेरिकेत 338 जास्त वजनाच्या स्त्रियांवर झालेल्या आणि 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सहा महिन्यांत सरासरी 8 टक्के वजन उतरवलेल्या गटात हे प्रसंग 47 टक्क्यांनी घटले. नुसती माहिती दिलेल्या गटात 28 टक्क्यांनी. सत्तर किलोच्या बाईसाठी हे आठ टक्के म्हणजे साडेपाच किलो. वाढत्या वजनामागून मधुमेह आला, तर साखर लघवीचं प्रमाण वाढवते आणि कालांतरानं मूत्राशयाच्या नसाही बधिर करते.

शेंगदाणा तेल त्यातल्या त्यात चांगलंच. त्यातला चार-पंचमांश भाग असंपृक्त मेदाचा. पण शेंगदाणा, अक्रोड की बदाम, कुठल्याही तेलाच्या एका ग्रॅममध्ये नऊ कॅलरी असतातच. महागडं अक्रोडाचं तेल मूत्राशय सुधारेल, या आशेवर पैसे घालवू नयेत. मूत्राशयाच्या कर्करोगाची धास्ती असेल तर आधी विडी-सिगारेट सोडावी, कारण त्याचं सर्वांत मोठं कारण तंबाखूचा धूर आहे. आणि न दुखता एकदा जरी लघवीतून रक्त गेलं, तरी त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा.

तेलाचं माप घरातच काढता येतं. बैठं काम करणाऱ्या माणसाला दिवसाला साधारण 25 ग्रॅम तेल पुरतं. चौघांच्या घरात पाच लिटरचा डबा दीड महिना चालायला हवा, आणि बाहेरून आणलेला वडा, चिवडा त्याच हिशेबात धरायचा. डब्यावर झाकण उघडल्याची तारीख पेनानं लिहून ठेवली की पुढचं आपोआप कळतं.