एका ठिपक्यात ५२ गुंठे



उपग्रह आकाशातून शेतांचे फोटो काढतात हे आपण ऐकतो. पण त्यात आपलं शेत दिसतं का? तेच मी इथे सांगणार आहे.

नेहमीच्या कामासाठी भारताने बनवलेला पहिला दूरसंवेदन उपग्रह म्हणजे आय.आर.एस.-१ए. दूरसंवेदन म्हणजे हात न लावता लांबूनच माहिती घेणे. इस्रोचा हा ९७५ किलो वजनाचा उपग्रह १७ मार्च १९८८ रोजी तेव्हाच्या सोव्हिएत युनियनमधील बैकोनूर येथून सोडला. तो ९०४ किलोमीटर उंचीवरून फिरे. पृथ्वीभोवती एक फेरी १०३ मिनिटांत होई. त्याच गावावर तो २२ दिवसांनी पुन्हा येई. त्याने १९९६ पर्यंत काम केले.

त्याच्या कॅमेऱ्यात फिल्म नव्हती. प्रकाश ओळखणारे २०४८ बारीक भाग एका ओळीत बसवलेले होते. आपण खराट्याने अंगण लोटत पुढे जातो ना, तशी ही ओळ जमिनीवरून पुढे सरके. प्रत्येक भाग एकेक ठिपका टिपे. असे लाखो ठिपके जोडले की चित्र तयार!

आता गंमत बघा. हिरवीगार पाने अवरक्त किरण पुष्कळ परत फेकतात. पाणी ते शोषून घेते. हे किरण आपल्याला दिसत नाहीत, कॅमेऱ्याला दिसतात. चित्रात त्यांना लाल रंग देतात. म्हणून जोमदार पीक लालभडक, वाळलेले पीक फिकट आणि तळे काळे दिसते.

त्याच्या एका कॅमेऱ्याचा एक ठिपका ७२.५ मीटर लांब आणि तेवढाच रुंद. मी गुणाकार केला. ५२५६ चौरस मीटर आले, म्हणजे सुमारे ५२ गुंठे! दुसऱ्या दोन कॅमेऱ्यांचा ठिपका सुमारे १३ गुंठ्यांचा होता.

एका ठिपक्याला रंग एकच. समजा, त्या ५२ गुंठ्यांत ४० गुंठे हिरवागार ऊस आहे आणि १२ गुंठे ज्वारी वाळून गेली आहे. ठिपका लालच दिसणार. बारा गुंठेवाल्याचं नुकसान उसाच्या रंगात बुडून जाणार! शिवाय पावसाळ्यात ढग आले की असल्या कॅमेऱ्याला खालचं काहीच दिसत नाही.

पुढे ठिपका लहान होत गेला. २०११ साली सोडलेल्या रिसोर्ससॅट-२ च्या एका कॅमेऱ्याचा ठिपका ५.८ मीटरचा, म्हणजे गुंठ्याचा जेमतेम तिसरा हिस्सा. तरीही फिकट रंग पाण्याअभावी की किडीमुळे, हे नुसत्या चित्रावरून नक्की कळत नाही. म्हणून शास्त्रज्ञसुद्धा काही शेतांत स्वतः जाऊन चित्र पडताळून बघतात.

तेव्हा पालकहो, फोटोत दिसलं नाही म्हणजे नुकसान झालंच नाही, असं समजू नका. पाहणीला कोणी आलं तर बांधावर हजर राहा आणि आपलं पीक दाखवा.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी