रात्रीचे ऊन आणि उसाचा तुरा



गेल्या महिन्यात एका गटसभेला आम्ही गेलो होतो. विषय खोडव्याच्या पाचटाचा. पाचट जाळू नका, कुजवा, हे आम्ही दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी शिवारात धूर दिसतो, असो. सभा संपत आली तेव्हा मागच्या सतरंजीवरून एक जुने सभासद उठले. "साहेब, एक इचारायचं होतं. पाचटाचं नाही. अमेरिकेवाले आभाळात आरसा लावायलेत म्हणं, रात्रीचं ऊन पाडायला. नातवानं मोबाईलवर दाखवलं. हे खरं हाय का? आन् खरं असंल तर आपल्याला दारं धरायला ते कधी मिळंल?"

सभा हसली. आम्हीही हसलो. पण आबा हसले नाहीत. त्यांच्या सालगड्याला दोन वर्षांपूर्वी रात्री पाणी देताना उसाच्या सरीत पान लागले होते. माणूस वाचला, पण पाय कायमचा अधू झाला. बॅटरीच्या उजेडात काय दिसते आणि काय दिसत नाही, हे त्यांना आम्ही सांगावे असे नाही. तेव्हा "पाहून सांगतो" असे म्हणून आलो, आणि जे पाहिले ते या अंकात देत आहोत.

तर आबा, गोष्ट खरी आहे. आणि नवीही नाही. हर्मन ओबर्थ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकातच असा आरसा कागदावर मांडला होता. प्रत्यक्ष प्रयोग केला तो रशियनांनी. सायबेरियासारख्या उत्तरेच्या मुलखात हिवाळ्यात दिवस उगवतो न उगवतो, तिथल्या गावांना उजेड द्यावा ही त्यामागची एक कल्पना. व्लादिमीर सिरोम्यात्निकोव्ह हे त्याचे मुख्य अभियंता. ४ फेब्रुवारी १९९३ रोजी 'झ्नाम्या-२' हा वीस मीटर व्यासाचा, चमकत्या पातळ पडद्याचा आरसा मीर स्थानकाजवळ अवकाशात उलगडला. त्याचा सुमारे पाच किलोमीटर रुंदीचा कवडसा फ्रान्सपासून रशियाच्या बाजूला सेकंदाला आठ किलोमीटर वेगाने धावत गेला. त्या पहाटे युरोपवर बहुतेक ठिकाणी ढग होते, त्यामुळे फार थोड्यांना तो दिसला. पुढे फेब्रुवारी १९९९ मध्ये २५ मीटरचा दुसरा आरसा सोडला, तो उलगडतानाच यानाच्या अँटेनात अडकून फाटला. तिथे ते काम थांबले. चीनमध्ये चेंगडू शहराच्या वर कृत्रिम चंद्र टांगण्याची घोषणा २०१८ साली झाली, २०२० चा वायदा होता. तो चंद्र काही उगवला नाही.

आता जे आबांच्या नातवाने पाहिले ते कॅलिफोर्नियातील 'रिफ्लेक्ट ऑर्बिटल' या कंपनीचे. तिने २०२५ साली अमेरिकेच्या दळणवळण आयोगाकडे 'एरेंडिल-१' नावाच्या उपग्रहासाठी परवानगी मागितली. अठरा मीटर लांब, अठरा मीटर रुंद आरसा, जमिनीपासून सुमारे ६२५ किलोमीटर उंचीवर. २०३० पर्यंत असे सुमारे चार हजार आरसे फिरवावेत असा कंपनीचा मनसुबा. गिऱ्हाईक म्हणून सौरवीज केंद्रे, रात्रीची बांधकामे, आपत्तीतले मदतकार्य अशी नावे घेतली गेली. शेतीचेही घेतले गेले.

याचा हिशेब आपण आपल्याच मापात करू. अठरा गुणिले अठरा म्हणजे ३२४ चौरस मीटर, म्हणजे सव्वातीन गुंठे. आरसा तेवढ्या जागेवरचे ऊन खाली पाठवणार. पण ते सव्वातीन गुंठ्यांतच पडेल असे मात्र नाही. सूर्य आकाशात ठिपका नाही, थाळी आहे. थाळीच्या प्रत्येक काठाकडून आलेला किरण थोडा वेगळ्या दिशेने परततो, म्हणून जितके अंतर जास्त तितका कवडसा फाकतो. लहानपणी आरशाचा कवडसा शाळेच्या भिंतीवर पाडून गुरुजींचा मार आपण सर्वांनी खाल्ला आहे. भिंत लांब गेली की कवडसा मोठा आणि फिका होई, तेच हे. ६२५ किलोमीटरवरून तो जवळजवळ पावणेसहा किलोमीटर व्यासाचा होतो. म्हणजे साडेसहा हजार एकर. सव्वातीन गुंठ्यांचे ऊन साडेसहा हजार एकरांना वाटायचे! एका सभासदाच्या पाळीचे पाणी अख्ख्या तालुक्याच्या उसाला पुरवण्यातला प्रकार. भर दुपारच्या उन्हाचा ऐंशी हजारावा हिस्सा वाट्याला येतो. पौर्णिमेच्या चांदण्याच्या फार तर तीन-चार पट. आणि तेही तीन-चार मिनिटे, कारण आरसा सेकंदाला साडेसात किलोमीटरने पळतो आहे. दुपारच्या उन्हाचा पाचवा भाग जरी हवा असेल, तर अशा आकाराचे सोळा हजार आरसे एकाच वेळी एकाच शिवारावर रोखावे लागतील.

दुसरी अडचण आबांच्या दृष्टीने जास्त मोठी. आरशावर आधी ऊन पडले पाहिजे. मध्यरात्री आपल्या डोक्यावर त्या उंचीला पृथ्वीचीच सावली असते. म्हणून हे आरसे अशा कक्षेत फिरवतात की ते नेहमी संध्याकाळ आणि पहाटेच्या रेषेवर राहावेत. आपल्याकडे त्यांचा उजेड दिवस मावळल्यावर फार तर दीड तास आणि दिवस उगवण्याआधी तेवढाच. थ्री-फेज येते रात्री बाराला आणि आरसा झोपतो साडेआठला. दारे धरायला तो मिळायचा नाही.

हे एवढ्यावर मिटले असते तर आम्ही दोन ओळींची सूचना फलकावर लावली असती. पण शोधता शोधता जे हाती लागले ते आमच्याच खात्याचे निघाले, ते म्हणजे उसाचा तुरा.

उसाला तुरा का येतो, याचे उत्तर पुष्कळजण "जात तशी" किंवा "पाणी कमी पडलं" असे देतात. जातीचा भाग आहेच. पण मूळ कारण रात्र आहे. ऊस रात्र मोजतो. पावसाळ्याच्या उत्तरार्धात, ऑगस्ट संपता संपता आपल्याकडे दिवस साडेबारा तासांवर येतो, रात्र साडेअकरा तासांची होते आणि हळूहळू वाढत जाते. त्या दिवसांत हवा दमट, रात्रीचे तापमान वीस ते पंचवीस अंशांच्या आसपास, आणि उसाला कांड्या सुटलेल्या असल्या, की शेंड्यातला पानाचा कोंब फुलाचा होतो. बाहेर दिसायला ऑक्टोबर-नोव्हेंबर उजाडतो. म्हणून अडसाली आणि पूर्वहंगामी उसाला तुरा जास्त, सुरूला कमी. तुरा आला की वाढ थांबली. दीड-दोन महिन्यांत तोडला नाही तर पांगशा फुटतात, दशी पडते, वजन आणि साखर दोन्ही उतरतात. को ८६०३२ ला तुलनेने तुरा कमी, कोसी ६७१ ला भरपूर. हे जुन्या सभासदांना पाठ आहे.

आता गंमत पाहा. या लांब रात्रीत मध्येच थोडा वेळ उजेड पाडला तर उसाचा हिशेब चुकतो आणि तुरा येत नाही. हवाई बेटांवरच्या ऊस संशोधकांनी रात्री शेतात दिवे लावून हे करून पाहिले आहे. उलट कोईमतूरच्या ऊस पैदास केंद्रासारख्या संस्थांना नव्या जातींसाठी तुराच हवा असतो. तुऱ्याशिवाय संकर नाही.

आम्ही हे पदविकेच्या वर्गात शिकलो होतो आणि विसरलोही होतो. सात-आठ वर्षांपूर्वी एका सभासदाने तक्रार केली, "साहेब, रस्त्याकडंच्या चार सऱ्यांना तुरा नाही, आतल्या सगळ्या उसाला हाय, बेणं मिसळलं काय तुमच्या लोकांनी?" आम्ही जागेवर न जाताच बेण्याच्या गाडीचा दाखला काढून त्यांना दाखवला, थोडे चढ्या आवाजात बोललोही. पुढे पंधरा दिवसांनी तोडणीची तारीख द्यायला तिथे गेलो तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि रस्त्यावरचा मोठा दिवा नेमका त्या चार सऱ्यांवर पेटला. बेणे एकच होते. त्या मालकांची आम्ही माफी मागितली. एका शेतावरून आणि एका हंगामावरून सिद्धांत करू नये, हे खरे. पण तेव्हापासून दिव्याखालच्या सऱ्यांकडे आमची नजर जातेच.

हे गटसभेत सांगितले तर कोणीही म्हणेल, मग चांगलेच की! आरसा येऊ द्या, तुरा जाऊ द्या.

पण उसाच्या बांधापलीकडे काय आहे? लातूर-नांदेडात सोयाबीन आहे. आणि सोयाबीनही रात्र मोजते. किंबहुना हा शोधच त्यावर लागला. अमेरिकेच्या शेती खात्यातील गार्नर आणि ॲलार्ड या दोघांनी 'बिलॉक्सी' जातीचे सोयाबीन वेगवेगळ्या वेळी पेरले, तर मागचे-पुढचे सगळे जवळपास एकाच सुमारास फुलावर आले. त्यांनी १९२० साली दाखवून दिले की फूल ठरवतो तो दिवस-रात्रीचा मेळ. आपल्या गावात खांबाच्या दिव्याखालचे सोयाबीन पाहिले आहे ना? बाकी रान पिवळे पडून मळणीला आले तरी ते गोल तुकड्यात हिरवेगार उभे असते, शेंगा थोड्या नि पाला फार. तुरीचीही जात तीच.

कवडसा साडेसहा हजार एकरांचा आहे. तीन-चार गावांची शिवारे त्यात येतात. ऊसवाल्याने उजेड विकत घेतला तर तो बांधावर थांबणार नाही. कोरडवाहू सोयाबीनवाल्याच्या रानात, खळ्यावर, अंगणात, त्याच्या बाजेवर पडणार. आमच्या किती सभासदांचे अर्धे रान उसाखाली आणि अर्धे सोयाबीनखाली आहे! त्यांनी एका हाताने उजेड घ्यायचा आणि दुसऱ्या हाताने भोगायचा. एका आरशाच्या चार मिनिटांनी तुरा अडेल किंवा सोयाबीन बिघडेल असे आम्ही म्हणत नाही. पावसाळी आभाळ असले तर उजेड वरच अडेल हेही कबूल. पण ज्यांना धंदा करायचा आहे ते एकावर थांबणार नाहीत, हजारांची भाषा त्यांचीच आहे.

आणि हुमणी? वळवाचा पाऊस पडला की दिवस मावळताना भुंगेरे जमिनीतून निघून बाभळी-कडुलिंबावर जमतात. प्रकाश सापळा लावायचा तो सात ते नऊ, हे आम्ही ओरडून सांगत असतो. चांदण्या रात्री सापळ्यात किडे कमी येतात. आरशाची वेळही नेमकी तीच, सात ते साडेआठ.

या योजनेवर जगभरातून हरकती आल्या त्यांतल्या पुष्कळ खगोलशास्त्रज्ञांच्या आहेत. लखलखता आरसा दुर्बिणीतून डोळ्यात गेला तर इजा होईल, वैमानिकांचे डोळे दिपतील, पक्षी आणि निशाचर प्राण्यांची दिशा चुकेल, असे मुद्दे त्यांत आहेत. विरोधात उभ्या राहिलेल्यांत 'डार्कस्काय इंटरनॅशनल' ही संस्था आहे. तिनेच जानेवारी २०२४ मध्ये आपल्या विदर्भातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातले पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता दिली. म्हणजे महाराष्ट्रात अंधार जपण्याचे प्रमाणपत्र मिळालेले रान आहे, हे आम्हालाही नवीनच कळले. पण सगळ्यात खरी हरकत आम्हाला साधी वाटली. परवानगी ज्या आयोगाकडे मागितली त्याचे मूळ काम बिनतारी लहरींचे वाटप. पीक, पाखरू आणि माणसाची झोप हा त्याचा विषय नव्हे. आणि तो अमेरिकेचा. कंधार-लोह्याच्या शेतकऱ्याने हात वर करायचा तो कोणत्या सभेत? आपल्या कारखान्यात निदान एका सभासदाला एक मत आहे.

मदतकार्याच्या उजेडाबद्दल एक आठवण. किल्लारीचा भूकंप झाला ती ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, तीन छप्पन्न. झ्नाम्याचा आरसा उलगडला त्याच वर्षीची. आम्ही तेव्हा शाळेत होतो. आदल्या दिवशी गणपती बोळवले होते, म्हणजे पंचांगाने चंद्र जवळजवळ पूर्ण होता. चांदण्याने दगड-मातीच्या भिंती उचलल्या गेल्या नाहीत.

आबांच्या मूळ प्रश्नाकडे येतो, कारण तो आरशाचा नव्हताच. त्यांना रात्री रानात जावे लागू नये एवढेच हवे आहे. त्यासाठी रात्रीचे ऊन नको, दिवसाची वीज हवी. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली, तिचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये आला, तो याचसाठी. आमच्या गटातल्या ज्या फीडरला दिवसाची वीज मिळाली, तिथले लोक आता अंधार पडला की घरी जेवायला असतात. ज्यांना मिळाली नाही त्यांनी ग्रामपंचायतीचा ठराव घेऊन गट कार्यालयात यावे, अर्जाला लागणारी मदत करू. सौर पंपासाठीही तसेच.

पूर्वी उसाच्या बैलगाड्या रात्री निघत तेव्हा तिकांडं कुठे आले ते पाहून गाडीवान वेळ सांगत. आमचे वडील सांगत, आम्हाला मात्र ते शोधावे लागते.

आता एक काम आम्ही सभासदांकडे मागत आहोत. नांदेड-लातूर रस्त्याला, पेट्रोल पंपाला, ढाब्याला किंवा गावातल्या मोठ्या दिव्याला लागून ज्यांचा ऊस आहे, त्यांनी येत्या नोव्हेंबरात दिव्यापासून किती सऱ्यांना तुरा नाही ते मोजावे. जात, लागणीची तारीख आणि दिव्यापासूनचे अंतर चिटबॉयजवळ लिहून द्यावे. सोयाबीन हिरवे राहिले असेल तर तेही लिहावे. चिठ्ठी आली की या खेपेस आम्ही दाखला काढून बसणार नाही, टेप घेऊन बांधावर येऊ, आणि येऊ ते संध्याकाळी.

— ऊस विकास अधिकारी