मंद हृत्स्पंदनाचा सराव आणि कोकणची हवा

दीर्घ पल्ल्याच्या धावण्यात वेग हेच सरावाचे माप, असा समज रूढ आहे. खेडसारख्या ठिकाणी तो अपुरा ठरतो. हवा दमट असली म्हणजे घाम वाळत नाही. त्वचेकडे अधिक रक्त वळते, दर ठोक्यास हृदयातून बाहेर पडणारे रक्त घटते आणि ठोके वाढतात. पौषातल्या पहाटे जगबुडीकाठी सहज पेलणारा वेग वैशाखात जड होतो. रघुवीर घाटाच्या चढणीवर तर तो मुळीच टिकत नाही. अशा वेळी श्रमाचे खरे माप नाडीच होय.

हलक्या, दीर्घकाळ चाललेल्या श्रमांनी स्नायूंतील केशवाहिन्या व तंतुकणिका वाढतात आणि मेदाचे ज्वलन सुधारते. तथापि, हॉलॉझी यांनी १९६७ मध्ये उंदरांच्या स्नायूंत जी वाढ दाखविली, ती कठोर सरावाची होती, हे विसरता येत नाही. मंद सराव हा पाया आहे, संपूर्ण इमारत नव्हे.

मॅफेटोन यांचे ‘१८० उणे वय’ हे सूत्र तिशीतल्या धावपटूस १५० ठोक्यांची मर्यादा घालते. ते स्थूल आहे. व्यक्तिपरत्वे त्यात फरक पडणारच. मर्यादा ओलांडताच वेग कमी करणे, प्रसंगी चालणे, हीच या पद्धतीची शिस्त होय. आणि अभिमानी धावपटूस तीच सर्वांत कठीण जाते.